पहिल्या कादंबरीचा जामीनदार

वऱ्हाडात कादंबरी छापून आणणं आता फारसं अवघड उरलेलं नाही. मजकूर घरच्या संगणकावर जुळतो, मुखपृष्ठ करून देणारा मित्र भेटतो, आयएसबीएन क्रमांकासह छापून देणारे प्रकाशक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. एके काळी अकराशे प्रतींची आवृत्ती हा रिवाज होता. आता शंभर प्रतीही छापून मिळतात. खर्च बहुतेक वेळा लेखकाचाच. मग एक दिवस टेम्पोतून गठ्ठे उतरतात, दिवाणाखाली, माळ्यावर, गव्हाच्या कोठीशेजारी रचले जातात, आणि दर्यापूरचा, मूर्तिजापूरचा किंवा अकोटचा तो नवा कादंबरीकार विचारात पडतो, की हे आता कुणाला द्यायचं आणि कोणत्या तोंडानं.

अडतं ते या तोंडापाशीच. स्वतःच्या पुस्तकाबद्दल स्वतः बोलणारा आपल्याकडे 'मिरवणारा' ठरतो. मुखपृष्ठ फेसबुकवर टाकलं की पहिला अभिप्राय अभिनंदनाचा आणि दुसरा टोमण्याचा. मग नव्या लेखकानं यातून एक वाट काढली आहे. तो आपल्या कादंबरीबरोबर सोबत्यांच्याही पुस्तकांबद्दल बोलतो. आज आपल्या पुस्तकाची रील, उद्या शेजारच्या तालुक्यातल्या मित्राच्या कथासंग्रहाचा फोटो, परवा एका कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचं कौतुक. मित्रही तेच करतात. काहींना यात नुसती देवाणघेवाण दिसते. संस्कृत सुभाषितातल्या, एकमेकांची स्तुती करणाऱ्या उंट-गाढवाची आठवण काढणारेही भेटतात. मला ही वाट मुळात चांगली वाटते. सोबतच्या लेखकांना बरोबर घेऊन चालण्यात काहीच गैर नाही, आणि वऱ्हाडासारख्या मुलखात तर त्यावाचून गत्यंतरही नाही. तरीही हे सगळे कष्ट बहुतेक वेळा वाया जातात, कारण शिफारस करणारा त्यात स्वतःचं काहीच पणाला लावत नाही.

आधी एक लाडका समज बाजूला करायला हवा. 'चांगल्या पुस्तकाला जाहिरात लागत नाही, ते आपोआप पोचतं' असं म्हणणारे बहुधा ज्यांची पुस्तकं पोचलेली आहेत असे लेखक असतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं पुस्तक आपोआप पोचलं नाही. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरचा खटला गाजला, त्यावरून 'पुणे वैभव' पत्रानं साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं, आणि बुलढाण्यासारख्या आडगावी बसलेल्या एका बाईनं त्याचा समाचार घेतला. मराठी गद्यात इतकं धारदार, इतकं बोलतं लेखन त्या काळात फार थोडं असेल. पण पुस्तकाच्या वाट्याला टवाळी आली. ताराबाईंनी पुढे दुसरं पुस्तक काढलं नाही. स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं तेव्हा साल होतं १९७५. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. आता राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत ललित गद्याच्या प्रथम प्रकाशनाचा पुरस्कार ताराबाईंच्या नावानं दिला जातो. ज्या लेखिकेचं प्रथम प्रकाशन हेच अखेरचं ठरलं तिचं नाव नवोदितांच्या पुरस्काराला देणाऱ्यानं ते जाणून दिलं की नकळत, देव जाणे.

पण त्या टवाळीच्या काळात एक माणूस तिच्या बाजूनं उभा राहिला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या प्रकाशनाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला, आणि तो घेताना आपल्याच चळवळीतल्या टीकाकारांना खडसावलं. 'गुलामगिरी' लिहून बसलेल्या फुल्यांना शत्रू काही कमी नव्हते. त्यात घरच्या माणसांशी वाकडं घेण्याची हौस कुणाला असते? एका दूरच्या गावच्या पहिलटकर लेखिकेसाठी त्यांनी ते घेतलं. वाचकाला त्यातून एवढं कळलं की हा माणूस या पुस्तकासाठी स्वकीयांशी भांडायला तयार आहे, म्हणजे त्यात काहीतरी असणार.

फुल्यांनी केली ती जामीनदाराची सही. सोसायटीतून कर्ज काढताना जामीनदार लागतो. सही करणाऱ्याला ठाऊक असतं की हप्ते थकले तर नोटीस आपल्याही घरी येणार. म्हणून तो माणूस पाहून सही करतो, कधी बायकोला विचारून करतो, आणि कधी भाऊबंदालाही 'नाही' म्हणतो. त्या सहीला किंमत येते ती या धास्तीमुळे. साहित्यातली सही मात्र आपण बिनधास्त करतो. कादंबरी बुडाली तरी तिला 'मैलाचा दगड' म्हणणाऱ्याच्या दारात कुणी वसुलीला जात नाही.

हे सगळ्यात ठळक दिसतं ते विमोचनाच्या कार्यक्रमात. अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह असो की अमरावतीतलं एखादं भवन, थाट तोच. पत्रिकेवर नावं इतकी की पुस्तकाचं नाव शोधावं लागतं. वेळ पाचची, सुरुवात सव्वासहाला. सरस्वतीबरोबर गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या तसबिरींना हार घातले जातात. मग तबकातून चकचकीत कागदात बांधलेली पुस्तकं येतात. सेलोटेप इतका आवळलेला असतो की प्रमुख पाहुण्यांना नखांनी झगडावं लागतं. एकदाची पुस्तकं बाहेर निघतात, सगळे ती छातीशी धरून एका ओळीत उभे राहतात, फोटोग्राफर ओरडतो, "सर, थोडं वरते घ्या ना," आणि ओळीतल्या एकानं हमखास मुखपृष्ठ उलटं धरलेलं असतं. पहिले वक्ते प्रामाणिकपणे सांगतात की कादंबरी काल रात्रीच हाती पडली, धावती नजर टाकली. आणि मग शेतकरी आत्महत्या, कापसाचा भाव आणि वाचनसंस्कृतीचा ऱ्हास यांवर पाऊण तास बोलतात. दुसरे वक्ते लेखकाचं 'धग'कार उद्धव शेळक्यांशी नातं जोडतात. तिसऱ्यांना ट्रेन गाठायची असते. दारातल्या टेबलाजवळ लेखकाचा पुतण्या पावतीपुस्तक आणि क्यूआर कोडची पाटी घेऊन बसलेला असतो. तिथं खिशात हात घालतात ते लेखकाचे मामा, शाळेतले शिपाईकाका, जिनिंगमधला मित्र. साहित्यिक मंडळी टेबलाला वळसा घालून जातात. "आपल्याले तं सप्रेम भेट भेटनच," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही ठरत नाही.

या साऱ्या कार्यक्रमात कादंबरीतलं एक पानसुद्धा कुणी वाचून दाखवत नाही. मला याचं नेहमी आश्चर्य वाटतं. कापडाच्या दुकानात माणूस आधी थान उलगडून दाखवायला सांगतो.

यावर कुणी म्हणेल, की हा आजच्या उथळ काळाचा दोष. तसं नाही. वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीनं १८५५ मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' पदरमोड करून छापलं. काही पानांचे खिळेही त्यानं स्वतः जुळवले. पुस्तकाची दखल कुणी घेईना, तेव्हा या गृहस्थानं निनावी परीक्षणं लिहून स्वतःचीच तारीफ केली. त्यानं एक प्रत इमर्सनला पाठवली होती. इमर्सन त्या वेळचा मोठा विचारवंत. त्यानं खासगी पत्रातून मनापासून कौतुक कळवलं, आणि व्हिटमननं पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या पत्रातलं वाक्य न विचारता पुस्तकाच्या कण्यावर सोन्याच्या अक्षरांत छापलं. आजचा कुठलाही रीलबहाद्दर याच्यापुढे संकोची वाटेल. पण दोन गोष्टींत फरक करायला हवा. निनावी परीक्षणांनी व्हिटमनचं काही भलं झालं नाही, ती आज केवळ किस्सा म्हणून उरली. इमर्सनच्या शब्दाला वजन होतं, कारण तो उठसूट कुणाची भलामण करणारा नव्हता आणि या धाडसी कवितांच्या मागे आपलं नाव लागलं म्हणून त्याला लोकांचं ऐकूनही घ्यावं लागलं. व्हिटमनच्या निर्लज्जपणाबद्दल मला फारशी तक्रार नाही. पहिलं पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला थोडा निर्लज्जपणा माफ असावा. तक्रार आहे ती आपल्याकडच्या इमर्सनांबद्दल.

वऱ्हाडात गुणाची वाण आहे, म्हणून शिफारशी अशा स्वस्त, असं कुणी समजू नये. १९६० च्या आसपासची अमरावती डोळ्यांसमोर आणा. छापखान्यात काम केलेल्या उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची, सुरेश भटांचा 'रूपगंधा' १९६१ चा, मनोहर तल्हारांची 'माणूस' १९६३ ची, आणि त्याच पिढीचे मधुकर केचे कवितेत आणि ललित लेखनात आपली वाट पाडत होते. जवळजवळ एकाच वयाची ही माणसं एका मध्यम आकाराच्या गावात लिहीत होती. त्यांतल्या कुणी कुणाचं हस्तलिखित आधी वाचलं यात आपण शिरायला नको. पण चांगलं लिहिणारा दुसरा माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो याची जाणीव लेखकाला किती जागं ठेवत असेल, याची कल्पना करता येते. नंतरही ओघ आटला नाही. वाशीमच्या बाबाराव मुसळे यांनी 'हाल्या हाल्या दुधू दे' लिहिली, खामगावकडच्या पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया'तून वऱ्हाडी बोलणारा पंजाबराव मराठी कादंबरीत आणून बसवला. नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५ चा आणि सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रमेश इंगळे उत्रादकर यांनी 'निशाणी डावा अंगठा'मध्ये साक्षरता मोहिमेचा जो फज्जा उडवला, त्याला तोड नाही. २०२२ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार अमरावतीच्या पवन नालट यांच्या कवितासंग्रहाला गेला.

कवितेचं नाव निघालंच आहे तर कादंबरीकाराच्या अडचणीचं मूळ सांगायला हवं. वऱ्हाडात कवीला व्यासपीठ आहे. गणपती, शारदोत्सव, गावची जयंती, कॉलेजचं स्नेहसंमेलन, कुठंही कविसंमेलन भरतं. विठ्ठल वाघांची किंवा मिर्झा रफी अहमद बेग यांची वऱ्हाडी कविता ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नाही अशांच्याही तोंडी गेली. कवीला दाद समोरासमोर मिळते, आणि जमली नाही तर तीही तिथल्या तिथं कळते. गझलेला तर गाणारा गळा मिळाला. अमरावती जिल्ह्यातल्याच भीमराव पांचाळे यांनी कितीतरी गझलकारांच्या रचना मैफलींतून गावोगाव नेल्या. अडीचशे पानांची कादंबरी कोण गाणार? तिला एकट्यानं, घरात, आठवडाभर वेळ काढून वाचणारा माणूस लागतो. असा माणूस शोधून त्याच्यापर्यंत शब्द पोचवणं हे काम जुन्या काळी संपादक आणि समीक्षक करत. ते पुण्या-मुंबईत असत, उशिरा का होईना करत. आता दैनिकांच्या पुरवण्यांतली परीक्षणांची जागा आकसत चालली आहे, आणि जे परीक्षण येतं ते बऱ्याचदा लेखकानंच लिहवून घेतलेलं असतं. उरला तो सोबतचा लेखक. म्हणून त्याच्या शब्दाची आज इतकी गरज आहे, आणि म्हणूनच तो शब्द असा उधळला गेला की नुकसान मोठं होतं.

उधळणीच्या उलट बाजूचं एक उदाहरण भटांचंच आहे. मराठीत गझल लिहू पाहणाऱ्या होतकरू मुलामुलींना ते 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका टपालानं पाठवत असत. त्यात वृत्त कुठं सांभाळायचं, काफिया म्हणजे काय, हे एखादा मास्तर शिकवतो तसं समजावलेलं होतं. ज्याला स्वतःचं नाव टिकवायचं आहे असा कवी खरं तर आपलं गुपित आपल्यापाशी ठेवील. भटांनी ते वाटून टाकलं. त्यात ते कुणाची स्तुती करत नव्हते, पण त्यातून एक आख्खी पिढी उभी राहिली. कादंबरीत अशी बाराखडी कुणी लिहिलेली नाही. निदान पहिली कादंबरी लिहून झालेल्यानं पहिली लिहू घातलेल्या दुसऱ्याला एवढं तरी सांगावं की चाळीस पानांपर्यंत गोष्ट सुरूच होत नाही. हे छापण्याआधी सांगायचं असतं. छापल्यावर सांगितलं तर वैर येतं; छापण्याआधी सांगितलं तर फार तर रुसवा.

छापल्यानंतर प्रश्न उरतो पोचवण्याचा. अमरावती आणि अकोला यांच्यातलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. जून २०२२ मध्ये या महामार्गावर लोणी ते माना असा पंच्याहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग तयार झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता पाच दिवसांत तयार होतो, पण अमरावतीत निघालेली कादंबरी अकोल्याला पोचायला अजूनही वर्ष लागतं, आणि पोचते ती बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून. टपालाची तऱ्हाही अशीच. स्वस्त दरात पुस्तकं नेणारं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा छोटे प्रकाशक आणि स्वतः पुस्तक पाठवणारे लेखक हवालदिल झाले. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. तीनशे ग्रॅमपर्यंतचं पुस्तक वीस रुपये अधिक करात जातं. बेताच्या जाडीची कादंबरी तेवढ्यात बसते. राहता राहिली ग्रंथालयं. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. पण ड वर्गातल्या वाचनालयाचं अनुदान तुटपुंजं, तेही उशिरा येतं, आणि खरेदीत पुस्तकापेक्षा सवलतीचा आकडा आधी पाहिला जातो. तिथल्या कपाटात नव्या लेखकाची कादंबरी जाते ती बहुधा ओळखीनं.

ओळख हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वऱ्हाडातल्या साहित्यव्यवहारात माणसं थोडी आणि खुर्च्या फार. तोच प्राध्यापक, तोच लेखक, तोच पुरस्काराचा परीक्षक, तोच अभ्यास मंडळावर, तोच संमेलनाच्या स्वागत समितीत. कादंबरीचा एखादा उतारा अभ्यासक्रमाला लागला तर शेकडो प्रती खपतात. इतकं भरवशाचं गिऱ्हाईक दुसरं नाही. मग नवा लेखक वाचकाचा नाद सोडून या पंधरा-वीस माणसांच्या मागे लागतो. त्यांच्या पुस्तकांची तो जी भलामण करतो ती त्यांना ऐकू यावी म्हणून. वाचकानं ती ऐकली काय नि न ऐकली काय. सगळेच असं करतात असं नाही. पण 'नवलेखकांना प्रोत्साहन' या गोंडस नावाखाली जे चालतं त्यातलं पुष्कळसं हेच आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना निदान छपाईचा भार उचलते. वाचक मिळवून द्यायची कुठलीच योजना नाही, आणि नसावीच.

वऱ्हाडानं संस्था उभारण्यात कधी हयगय केली नाही. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ ला अमरावतीतच झाली. मग तो नागपूरला गेला. त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, मराठी साहित्य संमेलन अकोल्याला भरलं होतं आणि अध्यक्ष होते हरी नारायण आपटे. (१९८१ मध्ये परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर अकोल्यालाच अध्यक्ष झाले, आणि १९८९ मध्ये अमरावतीला के. ज. पुरोहित म्हणजे कथाकार शांताराम. वऱ्हाडच्या मांडवात कथा-कादंबरीवाल्यांना मान मिळाला आहे.) आपट्यांची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये ज्या पत्रातून येत होती ते पत्र म्हणजे 'पुणे वैभव', ताराबाईंना लेखणी उचलायला लावणारं. वर्षही तेच, फुल्यांच्या 'सत्सार'चं. १८९० पासून आपट्यांनी स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून हप्त्याहप्त्यानं वाचकांपुढे ठेवली. पहिलं प्रकरण आवडलं तर वाचक पुढच्या शनिवारची वाट पाही. त्यासाठी कुणाच्या शिफारशीची गरज पडत नव्हती. गोष्ट स्वतःच स्वतःची वकिली करत होती. आज ज्याच्या हातात फोन आहे त्याला हे करायला साप्ताहिकही काढावं लागत नाही. कादंबरीचं एक प्रकरण स्वतःच्या आवाजात, आपल्या वऱ्हाडी हेलासकट वाचून लोकांपुढे ठेवता येतं. तरी नवे लेखक मुखपृष्ठाचा फोटो आणि मान्यवरांबरोबरचा फोटो यांच्यापलीकडे जात नाहीत. 'काय राजेहो, कायले घाबरता' असं पात्राच्या तोंडचं एक वाक्य जरी ऐकवलं तरी बोरगाव मंजूच्या एखाद्या माणसाला वाटेल की हे आपल्या घरचं आहे.

आता सोबत्यांच्या पुस्तकांकडे येतो. नवा लेखक दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल बोलतो तेव्हा तो नकळत स्वतःबद्दल सांगत असतो. त्याची कादंबरी वाचकानं अजून वाचलेली नाही. पण त्याला काय आवडतं हे वाचकाला दिसतं. त्यावरून वाचक ठरवतो, याच्या हातची गोष्ट घ्यावी की नाही. महिन्याला पंचवीस पुस्तकं 'अप्रतिम' आणि 'काळजाला भिडणारी' ठरवणारा माणूस आपल्याला निवड करता येत नाही याचीच दवंडी पिटतो. आणि ज्याला निवड करता येत नाही त्यानं आपल्या कादंबरीत कोणतं वाक्य ठेवायचं नि कोणतं काढायचं हे कसं ठरवलं असेल? याउलट समजा एखादा लेखक म्हणाला, की 'धग' मध्ये कौतिक नावाच्या शिंपिणीची फरपट आहे, आणि तुळजापूरचे देविदास सौदागर यांच्या 'उसवण' मध्ये तयार कपड्यांच्या काळात शिलाईयंत्र चालवणाऱ्या माणसाची आहे. दुसरीला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला, लेखक स्वतः शिंपीकाम करत आला आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि मला पहिलीतली बोली जास्त पक्की वाटते की दुसरीतला संताप, ते मी सांगतो. हे ऐकून मी त्या लेखकाची स्वतःची कादंबरी विकत घेईन. त्यानं तिचं नावसुद्धा घेतलेलं नसलं तरी.

पणाला लावणं म्हणजे याहून वेगळं काही नाही. पुस्तक पैसे देऊन घ्यावं. ते पूर्ण वाचावं. त्यात काय जमलं नाही हे एका वाक्यात का होईना म्हणावं. आणि ज्या व्यासपीठावर आपल्याला बोलावलं आहे तिथून आपण ज्याचं काही लागत नाही अशा लेखकाचं नाव घ्यावं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कठीण आहे, कारण तिची परतफेड होण्याची शक्यता नाही.

मला ठाऊक आहे की यावर काय उत्तर येणार. गाव लहान आहे, दादा. रोज राजकमल चौकात नाही तर टिळक रोडवर तोंडावर तोंड पडतं. 'तुमचं तिसरं प्रकरण जमलं नाई' म्हटलं तर माणूस चहासुद्धा पाजत नाही. खरं आहे. काही माणसं तुटतील, एखाद्या संमेलनाचं बोलावणं येणार नाही, पुढच्या पुस्तकावर कुणी लिहिणार नाही. जामिनावर सही करणाऱ्याला ही जोखीम पत्करावीच लागते. ती नको असेल त्यानं गप्प बसावं. गप्प बसण्यानं निदान शब्दाचा भाव तरी उतरत नाही.

दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात शासनाचा ग्रंथोत्सव भरतो. अकोल्यात आणि अमरावतीत पुढचा भरेल तेव्हा तिथं आयोजकांनी वऱ्हाडातल्या दहा नव्या कथाकार-कादंबरीकारांना एक सामाईक टेबल द्यावं, आणि अट एकच ठेवावी, की प्रत्येकानं नऊ जणांची पुस्तकं विकायची, स्वतःचं सोडून. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायचं, हे घ्या, यात अमुक आहे, आणि हे तुम्हाला जमणार नाही, यात तमुक कमी आहे. संध्याकाळी हिशेब करायचा. त्यासाठी दहा जणांना आधी एकमेकांच्या कादंबऱ्या विकत घेऊन वाचाव्या लागतील. त्या घेताना ते किती टक्के सवलत मागतात, यावरून पुढचं बरंच कळेल.